मोटारीतला आवाज कोठे अडतो?

“साहब, स्पीकर उड़ गया है.”

इंदुरात राहून ज्याने मोटार बाळगली आहे, त्याने हे वाक्य एकदा तरी ऐकलेले असणारच. गाडीतले गाणे खरखरू लागले, मध्येच बंद पडले, एकाच अंगाने येऊ लागले, तरी कारागिराचे निदान ठरलेले. आपणही ते निमूटपणे मान्य करून खिशात हात घालतो. आवाज स्पीकरमधून येतो, तेव्हा दोषही तेथेच असणार, असे आपल्याला सहज वाटते. आमच्या दादाने २००९ साली अवघ्या चार महिन्यांत मागच्या स्पीकरांच्या दोन नव्या जोड्या घेतल्या. दोष जागच्या जागीच राहिला. आणि तो कोठे होता हे आम्हांला ज्या रीतीने कळले, ती संध्याकाळ आठवली म्हणजे अजूनही हाताला घाम सुटतो. ती हकिगत पुढे येईल. आधी निदानाचा मार्ग पाहू.

गेल्या खेपेस या सदरात शिवणयंत्राच्या कुरकुरींचा विचार केला होता. तेथे जे सूत्र होते तेच येथेही लागू पडते: वस्तू बदलण्यापूर्वी दोषाची जागा शोधावी. मोटारीत हे काम घरच्या घरी होऊ शकते, आणि त्याला लागणारी मुख्य साधने म्हणजे आपले कान, दीड व्होल्टचा एक साधा सेल व थोडासा धीर.

आवाजाचा प्रवास लक्षात घ्यावा. बॅटरीतून वीज डेकला मिळते. डेक म्हणजे डॅशबोर्डमधील रेडिओचे यंत्र. मग ते कॅसेटचे असो, पेन ड्राइव्हचे असो की आजकालच्या काचेच्या पडद्याचे. डेकमधून, किंवा वेगळा अॅम्प्लिफायर बसवला असेल तर त्याच्यातून, प्रत्येक स्पीकरकडे दोन-दोन वायरी जातात. स्पीकरच्या पोटात लोहचुंबकाच्या फटीत तांब्याच्या तारेचे एक हलके वेटोळे असते. विजेच्या हेलकाव्याबरोबर ते मागेपुढे होते आणि त्याला चिकटलेला कागदी शंकू हवा हलवतो. राइस आणि केलॉग या दोघा अमेरिकन अभियंत्यांनी १९२५ साली या रचनेला व्यवहारोपयोगी रूप दिले. तिचे तत्त्व आजतागायत तेच आहे. इतकी साधी वस्तू सहसा आपणहून मरत नाही. तिला मारावे लागते.

आता पहिली परीक्षा. प्रत्येक डेकवर आवाज डावीकडे-उजवीकडे आणि पुढे-मागे सरकवण्याची सोय असते. इंजिन बंद ठेवून ओळखीचे एखादे गाणे लावावे आणि आवाज एकेका कोपऱ्यात नेऊन ऐकावे. चारांपैकी एकच कोपरा मुका असेल तर दोष त्या स्पीकरात, त्याच्या वायरीत किंवा डेकच्या त्या एका शाखेत आहे. परंतु दोन स्पीकर एकाच क्षणी मुके होत असतील आणि एकाच क्षणी पुन्हा बोलू लागत असतील, तर ते दोघेही निर्दोष आहेत असे धरून चालावे. दोन जुळे भाऊ एकाच ठोक्याला आजारी पडून एकाच ठोक्याला बरे होत नाहीत. दोष दोघांच्या वाटा फुटण्याच्या अलीकडे, म्हणजे दोघांना मिळून जे मिळते त्यात शोधावा. दादाच्या मारुती ८०० मध्ये नेमके हेच घडत होते. गाडी खड्ड्यात आदळली की मागचे दोन्ही स्पीकर एकदम बंद, पुढच्या खड्ड्याला एकदम चालू. हे चिन्ह चार महिने आमच्या कानांवर आदळत होते आणि आम्ही जोड्या विकत घेत होतो. नवी जोडी दुकानात बसवली की चालायचीच, कारण दुकानात गाडी उभी असे!

एकच स्पीकर मुका असेल तर सेल काढावा. प्रथम त्या स्पीकरच्या दोन्ही वायरी डेकच्या टोकाशी सोडवाव्यात. यंत्राला जोडलेल्या वायरीला सेल लावू नये. मग एक वायर सेलच्या एका टोकाला धरून दुसरी दुसऱ्या टोकाला क्षणभर टेकवावी. स्पीकर जिवंत असेल तर प्रत्येक स्पर्शाला ‘खट्’ असा स्पष्ट आवाज येतो. आवाज आला, तर स्पीकर आणि वायर दोन्ही ठीक; दोष डेककडे. आवाज नाही आला, तर हीच परीक्षा थेट स्पीकरच्या पत्र्यांवर करावी. तेथे ‘खट्’ झाले तर वायर तुटलेली. तेथेही शांतता असेल, तरच स्पीकर गेला. (उंच स्वरांच्या लहान ट्वीटरला ही कसोटी नीट लागू पडत नाही, त्याच्या मार्गात कपॅसिटर असल्याने फार तर बारीकशी ‘टिक्’ ऐकू येते.) मोटारीची बॅटरी मात्र या कामी कधीही लावू नये, ते नाजूक वेटोळे बारा व्होल्टने पाहता पाहता जळते. मीटर हाताशी असल्यास मोटारीच्या नेहमीच्या ४ ओहमच्या स्पीकरवर तो साधारण साडेतीन ओहम दाखवतो. ही खूण निरोगीपणाची.

वायर तुटते ती बहुधा दारात. दारातील स्पीकरची वायर बिजागरीजवळच्या रबरी नळीतून जाते आणि दार उघडता-मिटता हजारो वेळा वाकते. वरचे आवरण शाबूत राहते, आतील तांबे तुटते. गाणे चालू ठेवून दार अगदी सावकाश उघडावे व मिटावे. एका ठराविक कोनात आवाज जात असेल, तर निदान झाले.

दारातील स्पीकरांचा दुसरा शत्रू पाऊस. खिडकीच्या काचेवरून पाणी दारात उतरते, हे कारखान्याला ठाऊक असते; म्हणून दाराच्या तळाशी त्याला वाट ठेवलेली असते आणि आतल्या अंगाने प्लॅस्टिकचा पडदा चिकटवलेला असतो. नवा स्पीकर बसवणारा घाईत हा पडदा फाडतो आणि तसाच सोडून देतो. पहिल्या पावसाळ्यात स्पीकरचा शंकू भिजतो, वेटोळ्याची फट गंजते आणि दिवाळीला “स्पीकर उड़ गया” हे वाक्य ऐकू येते. वेटोळे घासू लागले आहे काय हे पाहण्यासाठी शंकूच्या दोन्ही बाजूंना बोटे ठेवून तो हलकेच, सरळ आत दाबावा. वाळू दळल्यासारखा आवाज आला तर मात्र कारागीर खरे बोलत आहे. कागद नुसता फाटला असेल तर पतंगाचा कागद आणि पातळ केलेला पांढरा डिंक यांनी तो सांधता येतो. मी सांधलेला एक स्पीकर सहा वर्षे चालला.

कधी कधी सर्व स्पीकर वाजतात, तरीही गाण्यात जीव नसतो. तबल्याचा डग्गा जणू कोणी काढून नेला आहे. अशा वेळी एका स्पीकरच्या वायरी उलट्या जोडलेल्या असतात. एकाचा शंकू पुढे येतो तेव्हा दुसऱ्याचा मागे जातो आणि खर्जाच्या लहरी परस्परांना खाऊन टाकतात. आवाज पूर्णपणे एका बाजूस न्यावा. तसे केल्याने खर्ज वाढलेला भासला तर त्या जोडीतील एकाच्या वायरी अदलाबदल कराव्यात. मग फुकटात नवे यंत्र घेतल्याचा आनंद मिळतो.

आता जरा खोलात शिरावे लागेल, कारण जुनी फियाट किंवा अँबॅसडर हौसेने सांभाळणाऱ्या मंडळींचा येथे हमखास घात होतो. जुन्या काळच्या अनेक रेडिओंत स्पीकरची एकच वायर यंत्रातून येई. दुसरे टोक गाडीच्या पत्र्याला, म्हणजे अर्थला जोडलेले असे. नव्या डेकमध्ये तसे चालत नाही. त्याच्या दोन्ही वायरी जिवंत असतात: एक वर ढकलते तेव्हा दुसरी खाली ओढते, आणि दोहोंचा दाब पत्र्याच्या मानाने सुमारे ६ व्होल्ट वर असतो. जुन्या सवयीने त्यांतील एक पत्र्याला टेकवली, की डेक एक तर स्वतःचे रक्षण करण्यासाठी मुका होतो, नाही तर तापून त्याचा आतील चिप जातो. नव्या गाडीतही दाराच्या पत्र्याच्या धारेने वायर सोलली गेली तर हाच प्रकार होतो. म्हणून डेक चालू होऊन लगेच गप्प बसत असेल, तर डेक दुरुस्तीला पाठवण्यापूर्वी स्पीकरांच्या सर्व वायरी त्यापासून सोडवाव्यात आणि प्रत्येक वायर व गाडीचा पत्रा यांत संबंध आहे काय ते मीटरने पाहावे. कोठेही संबंध असता कामा नये. स्पीकरच्या ऋण वायरी एकमेकींत गुंफून एकच वायर मागे नेण्याची काटकसरही नव्या डेकला मानवत नाही.

आता गुणगुणीकडे वळू. अॅक्सिलरेटर दाबला की गाण्यामागे ‘कूंऽऽ’ अशी शीळ चढत जाते आणि पाय काढला की उतरते, ही अल्टरनेटरची देणगी. तो वीज निर्माण करतो ती उलटसुलट वाहणारी; तिला एकदिश केल्यानंतरही तिच्यात थोडी थरथर उरतेच. ती ध्वनियंत्रणेत शिरली की शीळ होते. येथे एक सोपी युक्ती आहे. आवाज अगदी शून्यावर आणावा. शीळ तशीच राहिली, तर ती आवाजाच्या बटणाच्या पुढे, म्हणजे अॅम्प्लिफायरच्या अर्थमध्ये किंवा त्याकडे जाणाऱ्या संदेशवाहक वायरींत शिरते आहे. शीळही गाण्याबरोबर मावळली, तर ती आधीच, म्हणजे फोन, पेन ड्राइव्ह किंवा एरियल यांच्या बाजूने येते आहे. पहिल्या प्रकारात अॅम्प्लिफायरची काळी वायर कोठे आवळली आहे ते पाहावे. दहांतील आठ वेळा ती रंगाच्या थरावर आवळलेली सापडते, आणि रंग म्हणजे वीज अडवणारा पापुद्रा. रंग खरवडून, चकचकीत पत्र्यावर ती घट्ट बसवावी. वायर आखूड ठेवावी. विजेची जाड वायर आणि संदेशाच्या बारीक वायरी गाडीच्या दोन निरनिराळ्या कडांनी न्याव्यात.

दुसऱ्या प्रकारातील आजचा मुख्य आरोपी म्हणजे फोनचा चार्जर. फोन ऑक्सच्या वायरीने डेकला जोडला आणि त्याच वेळी गाडीच्या सॉकेटमधून चार्जही केला, म्हणजे अर्थला दोन वाटा मिळतात आणि त्या वर्तुळातून शीळ फिरते. चार्जर काढल्याबरोबर ती थांबली तर हेच कारण. ब्लूटूथने गाणे लावावे, किंवा बाजारात ग्राउंड लूप आयसोलेटर नावाची छोटी डबी मिळते ती ऑक्सच्या मार्गात बसवावी. स्वस्त चार्जर आणि गाडीत लावायचे कॅमेरे यांचा आणखी एक उपद्रव असा, की त्यांच्या आतील वेगाने उघडझाप करणारी यंत्रणा एफ. एम. च्या लहरींवर धूळ उडवते. शहरात स्पष्ट लागणारे केंद्र देवासच्या अलीकडेच खरखरू लागले, तर एरियल बदलण्यापूर्वी चार्जर उपटून पाहावा.

वॅटांविषयी दोन शब्द. खोक्यावर ‘५० वॅट × ४’ असे छापलेले असते. इंजिन चालू असता गाडीचा दाब १४ व्होल्टच्या आसपास. तेवढ्या दाबावर डेकचा स्वतःचा चिप ४ ओहमच्या स्पीकरला आदर्श स्थितीतही सुमारे २५ वॅटच देऊ शकतो. हा साधा गुणाकार आहे. म्हणजे खोक्यावरील आकडा क्षणिक उसळीचा. आवाज त्या मर्यादेपलीकडे नेला की लहरींचे माथे कापले जातात, आवाज फाटतो, आणि त्या फाटलेल्या आवाजात ट्वीटर भाजून निघतो. लग्नाच्या वरातीत गाडीचे ट्वीटर जातात ते या कारणाने. आवाज फाटू लागला की बटण थोडे मागे घ्यावे. स्पीकर मारण्याचे याहून सोपे साधन दुसरे नाही.

आता ती संध्याकाळ.

ऑगस्टमध्ये आम्ही आईला घेऊन ओंकारेश्वराला गेलो होतो. आई तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांची. परतताना तिचे गुडघे आखडले, म्हणून बडवाहला चहा झाल्यावर वहिनी मागे बसली आणि आईला पुढच्या डाव्या आसनावर बसवले. पाय पसरता यावेत म्हणून मी ते आसन रुळावरून शेवटपर्यंत मागे सरकवले. सरकताना ते जरा अडले. मी जोर केला. अॅम्प्लिफायर त्याच आसनाखाली होता.

भेरूघाट चढत असताना मागचे स्पीकर एकदम बंद झाले. “गेली तुझी तिसरी जोडी,” असे मी दादाला हसत म्हणालो. मिनिटाभरात रबर जळल्याचा वास आला आणि आईच्या पायांजवळून धूर निघू लागला. दादाने गाडी कडेला घेऊन चावी काढली. धूर थांबला नाही. ती वायर चावीला विचारतच नव्हती. ती थेट बॅटरीतून आलेली होती. मी आईला अक्षरशः उचलून पावसात उभे केले. दादा बॉनेट उघडून बॅटरीच्या टोकाशी झटत होता आणि दहा नंबरचा पाना डिकीत, सामानाखाली होता. तो मिळून ऋण टोक सुटेपर्यंत आसनाखालची चटई विस्तवासारखी झाली होती. पाण्याच्या दोन बाटल्यांनी ते भागले. आणखी थोडा वेळ गेला असता तर भागले नसते.

दुसऱ्या दिवशी आम्ही चटई उलटून पाहिली. बॅटरीपासून अॅम्प्लिफायरपर्यंतची लाल वायर कारागिराने आसनाच्या रुळाखालून नेली होती. महिनोन् महिने रूळ तिला चावत होता. तिच्यातील बहुतेक तांबे तुटले होते, उरलेल्या चार-दोन धाग्यांवर यंत्र चालत होते. खड्ड्यात ते धागे सुटत, पुन्हा टेकत. दोन्ही स्पीकर एकदम जात होते ते यामुळे. मी आसन रेटले तेव्हा आवरण पुरते फाटून तांबे रुळाच्या लोखंडाला भिडले.

“फ्यूज नव्हता का?” असे वाचक विचारतील. दादाने वायर बसवताना हाच प्रश्न केला होता आणि “फ्यूज है ना, साहब” असे उत्तर मिळाले होते. उत्तर खोटे नव्हते. फ्यूज होता, पण अॅम्प्लिफायरच्या पेटीत. तो पेटीचे रक्षण करतो. बॅटरी आणि पेटी यांच्यामधील वायर मध्येच पत्र्याला भिडली, तर प्रवाह त्या फ्यूजपर्यंत पोचतच नाही. आणि स्टार्टर फिरवणारी बॅटरी अशा वेळी शेकडो अँपियर ओतू शकते. म्हणून दुसरा फ्यूज बॅटरीच्या धन टोकापासून हातभर अंतराच्या आत असलाच पाहिजे, आणि तो वायरीच्या जाडीला साजेसा हवा. तो वितळला म्हणून त्याजागी तार किंवा सिगारेटच्या पाकिटाची चंदेरी गुंडाळणे म्हणजे पहारेकऱ्याला बांधून ठेवणे होय. आपल्या गाडीत वेगळा अॅम्प्लिफायर असेल तर हा अंक खाली ठेवून आधी बॉनेट उघडावे आणि लाल वायरीवर तो फ्यूज आहे ना ते डोळ्यांनी पाहावे. ती वायर पत्र्याच्या भोकातून आत शिरते तेथे रबरी कडे आहे काय, आणि आसनाच्या रुळापासून ती दूर आहे काय, हेही पाहावे. दादाच्या बॅटरीशेजारी तेव्हापासून दहा नंबरचा पाना सुतळीने बांधलेला असे.

किरकोळ गोष्टी दोनच. गाडी बंद केली की डेक प्रत्येक वेळी केंद्रे आणि घड्याळ विसरत असेल, तर बहुधा त्याची पिवळी व लाल वायर उलटापालट झालेली आहे. बाहेरून बसवलेल्या डेकमध्ये पिवळी सदैव बॅटरीशी आणि लाल चावीशी जोडायची असते. (गाडीच्या स्वतःच्या वायरींचे रंग प्रत्येक कंपनीचे निराळे, त्यांवर विसंबू नये.) आणि सकाळी बॅटरी उतरलेली सापडत असेल, तर रात्रभर उभ्या असलेल्या गाडीतील अॅम्प्लिफायरला हात लावून पाहावा. तो कोमट लागला तर तो रात्रभर झोपलेलाच नाही. त्याला जागवणारी निळी वायर चुकीच्या जागी जोडलेली आहे.

अलीकडच्या गाड्यांविषयी मात्र सावध करतो. त्यांतील पडद्याचे यंत्र गाडीच्या इतर यंत्रणांशी बोलत असते, आणि स्टिअरिंगच्या आसपास पिवळ्या आवरणातील वायरींचा जो जुडगा दिसतो तो एअरबॅगचा असतो. त्याला हात लावू नये, सेल लावू नये, मीटरही लावू नये. अशा गाडीत आपण कोपऱ्यांची परीक्षा, दाराची परीक्षा आणि चार्जर काढून पाहण्याची परीक्षा करावी, आणि जे आढळले ते कागदावर लिहून कारागिराच्या हाती द्यावे. “आवाज नाही” असे सांगणाऱ्या गिऱ्हाइकापेक्षा “मागचे दोन्ही, खड्ड्यात, एकदम जातात” असे सांगणाऱ्याची गाडी तो निराळ्या नजरेने पाहतो. बदललेले स्पीकर परत मागून घ्यावेत, हेही सांगतो.

दादाने ते मागून घेतले होते. डिकीत पडलेल्या त्या ‘उडालेल्या’ दोन्ही जोड्या मी पुढे एका रविवारी सेल लावून तपासल्या. चारही स्पीकरांनी ‘खट्’ म्हटले. त्यांतील एक लाकडी खोक्यात बसवून मी आईच्या स्वयंपाकघरातील रेडिओला जोडून दिला. ती गेली त्या वर्षापर्यंत पहाटेची भक्तिगीते त्यावरच लागत, आणि त्याची खरखर कधी ऐकली नाही.